सात इंच मागे

बसचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती आणि तिथं तिला सगळे ठिणगी म्हणत. नवऱ्यानं ते नाव घरी आणलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते सासूच्या कानावर पडलं, तेव्हा सासू म्हणाली होती, "बरंय की. घरात उजेड पडेल." तेव्हापासून ती घरातही ठिणगीच झाली.

सासूला सगळे माई म्हणत. दोन वर्षांपूर्वी माईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचे पाय कायमचे रुसले. घरात चाकाची खुर्ची आली. ठिणगीनं त्याच आठवड्यात सगळे उंबरे कापून काढले, न्हाणीघराचं दार चार इंचांनी रुंद केलं, आणि ओट्याखालची कपाटं उखडून टाकली म्हणजे खुर्ची आत सरकावी. मग माई पुन्हा घराच्या मालकीण झाल्या. स्वयंपाकघरातून अंगणाकडे खुर्ची अशी पिटाळत, की समोरच्यानं आपले पाय आपणच आवरावेत.

घोडं अडायचं ते घराबाहेर. गेल्या वर्षी सगळे एका हॉटेलात दोन दिवस राहायला गेले. दाराशी तीन पायऱ्या होत्या. हॉटेलच्या चार नोकरांनी माईंना खुर्चीसकट उचललं, एखादा सोफा माडीवर चढवावा तसं. "जरा डावीकडून", "कोपरा सांभाळ", असं सगळं झालं. माई तोंडातून चकार शब्द न काढता वर गेल्या, दोन दिवस राहिल्या, तशाच खाली आल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "यापुढं मला कुणी उचललं, तर मी चावेन."

घरी आल्यावर ठिणगीचा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. त्यांनी रस्ते बघितले, मी दार बघितलं. मला आता एकदा बाहेर पडायचंय. माझ्या माझ्या चाकांवर."

"ठरलं," ठिणगी म्हणाली. ती असल्या गोष्टींवर फार विचार करत नसे.

तयार कॅम्पर, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या खोल्या, तिनं आणि नवऱ्यानं बघितले. छान होते, पण एकूण एक दोन पायऱ्यांचे. मग एका रोपवाटिकेवाल्याचा जुना ट्रेलर मिळाला. आठ फूट लांब, साडेचार फूट रुंद, दोन चाकांचा. आयुष्यभर त्यानं रोपं आणि खताची पोती वाहिली होती. रंग उडालेला, कडांना गंज, पण ठिणगीनं त्याच्या सांगाड्यावर हातोडी वाजवत एक फेरी मारली आणि तिचा चेहरा खुलला. "आवाज ऐक," ती नवऱ्याला म्हणाली. "आतून निरोगी आहे."

नवऱ्याला सगळीकडून सारखाच ठण् ऐकू आला. तो सोफ्यांच्या गाद्या आणि गाड्यांच्या सीटा शिवायचा. "आवाजाचं तू बघ," तो म्हणाला, "बसायचं मी बघतो."

ट्रेलर घरामागच्या शेडमध्ये आला आणि तिथून सासरे रिंगणात उतरले.

सासरे म्हणजे तात्या. डाव्या पायातला जोर गेल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, पण मत देणं सोडलं नव्हतं. एरवी त्यांचं आणि ठिणगीचं गूळपीठ. दोघांना लोखंड, तेल, रस्ता यांत रस. दोघांना चहा कडक लागायचा. पण या ट्रेलरच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून वाकड्यात शिरले.

"दांडा बारीक आहे," ते म्हणाले. ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीच्या हुकात अडकतो, त्याबद्दल ते बोलत होते.

"दुसरा घालणार आहे. जाड."

"चाकं लहान आहेत."

"वजनाला पुरतात."

"ॲक्सल मागं घे."

"बघू."

"पत्रा तापेल. वारा मारेल. पाऊस आत येईल. आडवळणावर वळायचा नाही. आणि म्हाताऱ्या माणसानं असल्या डब्यात झोपायचं?"

"तात्या, तुम्ही चाळीस वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये झोपलात."

"म्हणूनच सांगतोय," असं म्हणून ते आत निघून गेले.

ठिणगीनं ते मनावर घेतलं नाही. तिच्यासमोर खरा प्रश्न वेगळा होता. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून बावीस इंच उंच होती, आणि त्याचं कारण एकच. या चाकापासून त्या चाकापर्यंत ॲक्सलचा सरळ दांडा खालून जात होता, आणि सांगाडा त्याच्या डोक्यावर बसला होता. जमीन खाली आणायची तर तो दांडा मधून काढायला हवा होता. तिनं बाजारातून दोन सुटे अर्धे ॲक्सल आणले. एकेका चाकाला एकेक, आतल्या आत धक्के झेलणारं रबर असलेले. ते सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून जोडायचे, मधला दांडा काढून टाकायचा, आणि जमीन चाकांच्या मधोमध खाली बसवायची. रस्त्यापासून फक्त अकरा इंच. मागच्या बाजूला पाच फुटांची उतरती फळी, म्हणजे माई आपल्या आपण चढतील.

पण मधला दांडा नुसता चाकं धरत नव्हता, तो दोन्ही बाजूही एकमेकींना धरून ठेवत होता. तो गेला की सांगाडा फाकणार. म्हणून त्या जागी जाड चौकोनी नळी आडवी घालायची. हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिनं कागदावर एकदाच काढलं आणि नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे कंबरपट्टा खाली आणायचा."

"तसंच समज."

कारखाना सुटल्यावर संध्याकाळी दोन तास आणि सुट्टीचा अख्खा दिवस, असं काम सुरू झालं. आधी ग्राइंडरनं गंज आणि रंग खरवडून लोखंड पांढरं केलं. मग जुना ॲक्सल कापला. तो जमिनीवर पडला तेव्हा खिडकीतून बघणाऱ्या माईंनी टाळी वाजवली. नवीन नळ्या मापानं कापून तिनं सगळीकडे आधी नुसते ठिपक्यांएवढे जोड दिले. कारखान्यात त्याला टॅक म्हणत, नवरा म्हणायचा, "हे तर आमचे कच्चे टाके." त्याला फीत धरायला लावून तिनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक दोन मिलिमीटरनं जास्त भरला. एका कोपऱ्याला तिनं हातोडीनं हलकेच समजावलं. पुन्हा मोजलं. बरोबर.

मग पक्कं वेल्डिंग. लोखंड तापलं की ओढतं, म्हणून ती एका कोपऱ्यात थोडं, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यात थोडं, अशी फिरत राहायची. चार दिवसांत चौकट उभी राहिली. ॲक्सल ज्यांवर बसतात त्या लोखंडी पाट्या तिनं अगदी शेवटी जोडल्या, जिथं जुना ॲक्सल होता बरोबर तिथंच, कारण मूळ सांगाड्याची सगळ्यात तगडी जागा तीच होती. त्या आठ जोडांवर तिनं सगळा जीव ओतला. थंड झाल्यावर बोट फिरवलं, तर एकसारख्या बारीक लहरी लागल्या. ती स्वतःवर खूश झाली, आणि व्हायलाच हवी होती.

तात्या काठी टेकत आले, वाकून बघितलं. "हात चांगलाय," ते म्हणाले. "त्याला नाव ठेवत नाही मी."

"मग कशाला ठेवताय?"

"भिंती चढवायच्या आधी एकदा ओढून बघ. वजन टाकून. जिथं गादी तिथं गादीएवढं, जिथं पाणी तिथं पाण्याएवढं."

हे म्हणणं शहाणपणाचं होतं. ठिणगीनं मागं ती लोखंडी उतरती फळी बसवली, तिच्याजवळ पाण्याची टाकी ठेवली, आणि बाकीच्या जागी वाळूच्या पिशव्या रचल्या. वजनकाट्यावर नेऊन आणलं. सगळं मिळून चारशे ऐंशी किलो भरलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गोदामांच्या मागचा लांब सरळ रस्ता मोकळा होता. ठिणगी गाडी चालवत होती, शेजारी तात्या, मागच्या सीटवर नवरा. तात्यांची सवय होती, दुसरं कुणी चालवत असलं तरी त्यांचे पाय क्लच-ब्रेक दाबत राहायचे. चाळीसच्या वेगात ट्रेलर गाईच्या वासरासारखा मागून येत होता. पन्नासला तसाच. ठिणगीनं आरशात बघत म्हटलं, "बघा. कसा गुणी आहे."

साठच्या पुढं गेल्यावर सीटखाली काहीतरी हललं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग जास्त. आरशात ट्रेलर क्षणभर दिसेनासा व्हायचा, पुन्हा दुसऱ्या बाजूनं डोकवायचा. गाडीचं नाक तिच्या हातांचं ऐकेना. मागून नवरा ओरडला, "अगं, ब्रेक लाव!"

"ब्रेक नको!" तात्यांचा आवाज एकदम वेगळाच होता, शांत आणि खणखणीत. "पाय काढ नुसता. स्टिअरिंग सरळ धर. त्याच्यामागं जाऊ नकोस. धर. धरून ठेव."

तिनं पाय काढला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं. ट्रेलरनं आणखी तीन झोके घेतले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. मग गाडी हळू होत होत रस्त्याच्या कडेला थांबली. नवऱ्याच्या मांडीवर उरलेली एक वाळूची पिशवी होती, ती तो पोटाशी धरून बसला होता.

"शेपूट हलतंय," तात्या म्हणाले. "ट्रेलरच्या नाकावर वजन नाही."

घरी येऊन ठिणगीनं न्हाणीघरातला वजनाचा काटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ट्रेलरचा पुढचा दांडा त्यावर टेकवला. तात्यांनी चष्मा सावरून आकडा वाचला. "एकोणीस."

"किती पाहिजे?"

"एकूण वजनाचा दहावा हिस्सा. अठ्ठेचाळीस."

ठिणगीनं कपाळाला हात लावला. तिला सगळं एका क्षणात दिसलं. फळी मागं, टाकी मागं, आणि चाकं होती तिथंच. वजन मागं सरकलं होतं, ॲक्सल नव्हता सरकला. खडूनं तिथंच जमिनीवर गणित केलं. ॲक्सल सात इंच मागं घ्यायला हवा होता. म्हणजे ते आठ जोड, ज्यांच्यावर तिनं बोट फिरवलं होतं, ते कापायचे.

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत," ती म्हणाली.

"हो."

"पण तात्या, त्याच्याबरोबर आणखी सात गोष्टी सांगितल्यात. पत्रा, वारा, पाऊस. मी कुठली धरायची?"

तात्या हत्यारांच्या पेटीवर बसले. नवरा आत चहा करायला गेला होता. काठीचं टोक जमिनीवर घासत तात्या म्हणाले, "बाकीच्या सात खोट्या होत्या."

"खोट्या? कशासाठी?" ठिणगीनं विचारलं.

"तिला त्या तळ्यावर जायचंय," ते म्हणाले.

ते तळं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लांबच्या कामावर असताना तात्या ट्रकच्या एका थांब्यावरून रोज संध्याकाळी घरी फोन करायचे, आणि त्या थांब्यासमोर एक तळं होतं. माई त्याच्याबद्दल इतकं बोलायच्या, की ठिणगीलाही ते बघितल्यासारखं वाटायचं. कॅम्पर झाला की पहिली फेरी तिथंच, हे माईंनी कधीच जाहीर केलं होतं.

"मग जाऊ की. अडचण काय?"

"तळं नाहीये."

"आटलं?"

"नव्हतंच." तात्यांनी मान वर केली नाही. "फोनच्या समोर टायरवाल्याची मागची भिंत होती, आणि जुन्या टायरांचा ढीग. तुझा नवरा तेव्हा तीन महिन्यांचा. तापानं फणफणलेला. ती एकटी घरी. फोनवर रडत होती, आणि मग रडायचं थांबवायला म्हणून म्हणाली, तुमच्या समोर काय दिसतंय ते सांगा. आता टायर काय सांगू? म्हटलं, तळं आहे. पाण्यावर ऊन पडलंय. गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, आज तळं कसंय?"

"आणि मग?"

"मग काय. बगळे आणले. एक नावाडी आणला. दहा वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न लावून दिलं मी. हिनं त्याच्या नातवासाठी स्वेटर विणून पाठवला!"

ठिणगीला हसू आवरेना. तात्याही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. "टायरवाल्याच्या मुलाला दिला," ते म्हणाले. "बाह्या लांब झाल्या."

हसू ओसरल्यावर ठिणगी उठली. ग्राइंडरची तार गुंडाळत म्हणाली, "मी दोन दिवसांत माझे जोड कापते. तुम्ही तुमचे कापा."

"पोरी, चाळीस वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय? मी नाही सांगणार त्यांना. पण भिंती चढायच्या आत तुम्ही सांगा. त्या डब्यात बसून माई तळ्याची वाट बघणार, आणि तुम्ही शेजारी बसून घाम पुसणार, असला प्रवास मला नको."

तात्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ठिणगी स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं. तात्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, माईंचा एकदाही नाही. मग खुर्चीची चाकं वाजली आणि माई अंगणात निघून गेल्या.

दीड दिवस माई कुणाशी बोलल्या नाहीत. तात्यांनी समोर ठेवलेला चहा त्यांनी घेतला, पण त्यांच्याकडे न बघता. नवरा घाबरला. "आईला असं कधी बघितलं नाही," तो कुजबुजला. ठिणगी म्हणाली, "होऊ दे. लहान गोष्ट नाही ती." आणि ती शेडमध्ये जाऊन आपले जोड कापू लागली.

हे काम तिला जड गेलं. चांगलं वेल्डिंग सहज सुटत नाही. तिचंच काम तिला दाद देईना. ग्राइंडरच्या तीन चकत्या झिजल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पाटी सुटली तेव्हा मागं चाकांचा आवाज आला. माई दारात येऊन थांबल्या होत्या.

"चांगलं केलेलं कापतेस?"

"चांगलं होतं, पण चुकीच्या जागी होतं."

माईंनी जरा वेळ त्या कापलेल्या पाट्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला राग कसला आलाय माहितीय? तळं नव्हतं याचा नाही. मी त्या तळ्यावर किती दुपारी काढल्या, काय काय बोलले मनातल्या मनात त्या नावाड्याच्या बायकोशी. आणि हा माणूस तिकडं एकटा टायरांपुढं उभा. मला खरं सांगितलं असतं तर मी टायर ऐकले असते. त्यांना कुणी विचारायला नको होतं का, की अहो, दमलात का?"

ठिणगीनं कामाचा चष्मा काढला. "हे त्यांना सांगितलंत?"

"सांगणार आहे. आता जरा शिजू दे त्यांना."

रात्रीच्या जेवणाला माई टेबलाशी आल्या आणि ताट ओढत म्हणाल्या, "अहो, तो टायरवाला माणूस कसा होता?"

तात्यांचा घास हातात राहिला. "बरा होता. बोलायचा फार. एक कान गेलेला, म्हणून ओरडून बोलायचा."

"मग सांगा. पहिल्यापासून."

तात्यांनी सांगायला सुरुवात केली. माई मधूनच थांबवून विचारत, "हे खरं की नावाड्यासारखं?" आणि तात्या हात वर करून म्हणत, "खरं, खरं." भांडी घासून झाली तरी ते चाललं होतं. शेवटी माई म्हणाल्या, "ठीक आहे. पण तळं मला लागतंच. कुठलंही चालेल. ओलं पाहिजे."

त्यानंतर काम झपाट्यानं झालं. या वेळी ठिणगीनं ॲक्सल वेल्डिंगनं जोडले नाहीत. सांगाड्याच्या बाजूंना बाहेरून जाड पट्टी चढवली, आडवी नळीही सात इंच मागं नेली, आणि पाट्या बोल्टांवर बसवल्या, भोकं थोडी लांबट ठेवून. "उद्या वजन बदललं तर पाना घ्यायचा आणि सरकवायचं," ती तात्यांना म्हणाली. "पुन्हा कापाकापी नाही." पाण्याची टाकी तिनं आहे तिथंच ठेवली, कारण आता ती तिथं चालत होती. काट्यावर दांडा टेकवला. तात्या वाकले.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले, आणि मग स्वतःच जोडलं, "काट्याची एक किलोची चूक धर."

त्याच गोदामांच्या रस्त्यावर पुन्हा फेरी झाली. साठ, सत्तर, ऐंशी. ठिणगीनं मुद्दाम स्टिअरिंगला एक हिसका दिला. ट्रेलरनं एकदा कंबर हलवली आणि सरळ झाला. तात्यांचे पाय गाडीच्या जमिनीवर स्वस्थ पडून होते.

मग नवऱ्याचे दिवस आले. भिंतींचं प्लायवूड, आतून फोम, त्यावर कापड. घडी होणारा पलंग, आणि त्याच्यावर त्यानं रात्रंदिवस खपून शिवलेल्या गाद्या. माईंच्या बाजूच्या गादीला त्यानं कडेनं घट्ट उशी शिवली होती, वळताना हातांना आधार मिळावा म्हणून. त्या आधाराबद्दल माईंनी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं होतं. ठिणगीनं त्या शिलाईवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुझाही हात चांगलाय."

वाहन तपासणी केंद्रातला तपासनीस उंच आणि अबोल होता. तो ट्रेलरखाली आडवा झाला आणि टॉर्च घेऊन बराच वेळ तिथंच राहिला. त्याचे फक्त बूट दिसत होते. तात्या अस्वस्थ झाले. ठिणगी हाताची घडी घालून उभी होती. शेवटी खालून आवाज आला, "ही बाहेरची पट्टी कशासाठी?"

"तिथं आधी जोड होते. कापले. तापलेल्या लोखंडावर भरवसा ठेवायचा नव्हता, म्हणून वजन पट्टीवर घेतलं."

"आधीचे का कापले?"

"ॲक्सल पुढं होता. शेपूट हलत होतं."

बूट जरा हलले. तपासनीस बाहेर आला, कपडे झटकले. "लोक हे लपवतात," तो म्हणाला. "वरून रंग मारतात." मग त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो पुढं केला. "मागचा उजवा लाल दिवा मंद आहे. बदलून या. बाकी काही नाही."

दिवा बदलायला दहा मिनिटं लागली.

पहिली फेरी दिवसभराच्या अंतरावरच्या एका धरणाच्या जलाशयाकडे ठरली. वाटेत तात्यांच्या जुन्या थांब्यावरून गेले. फोनची पेटी केव्हाच गेली होती, टायरवाल्याचं दुकान कुलूपबंद होतं, भिंत मात्र होती. माईंनी गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि भिंत नीट बघितली. रंग उडालेली साधी भिंत. "चला," त्या म्हणाल्या. मागच्या सीटवरून हात पुढं घालून त्यांनी तात्यांचा खांदा धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

दिवस कलताना पाणी दिसलं. काठावर गवत होतं, थोडी चिखलाची पट्टी, पलीकडे टेकड्या. ठिणगीनं ट्रेलर सपाट जागी उभा केला, चाकांना दगड लावले, आणि मागची फळी खाली सोडली. माई मुद्दामच अजून आत गेल्या नव्हत्या, आणि रात्रीच्या सोयीसाठी त्यांना आधी आतलं सगळं बघायचं होतं. त्या खुर्ची फळीच्या टोकाशी घेऊन आल्या. नवरा पुढं सरसावला.

"हात लावू नकोस," माई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही चाकांवर हात घट्ट केले आणि ढकललं. पहिले दोन फूट सहज गेले. मग वेग कमी झाला. फळीच्या मध्यावर त्या थांबल्या, दात आवळले, श्वास घेतला. ठिणगीचे हात आपोआप पुढं आले होते, ते तिनं पाठीमागं घेतले. माईंनी आणखी एकदा जोर लावला, पुढची चाकं कडेवरून आत गेली, मग मागची. आतून आवाज आला, "आले मी."

तात्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

आतमध्ये माईंनी ओट्याचा खण उघडून बघितला, गादीवर हात दाबला, कपाटाची कडी दोनदा लावली-काढली. मग पलंगाशी गेल्या, हातांच्या आधारानं त्यावर सरकल्या आणि आडव्या झाल्या. बाहेर तिघं वाट बघत उभे राहिले.

"ठिणगी," शेवटी हाक आली. "इकडं ये."

ती आत गेली. माई उशीवर डोकं ठेवून खिडकीकडे बघत होत्या.

"झोपल्यावर मला नुसतं आकाश दिसतंय. पाणी दिसायला मान उचलावी लागते. ही खिडकी चार बोटं खाली पाहिजे."

ठिणगी पलंगाच्या कडेला वाकली, माईंच्या उशीशी स्वतःचं डोकं टेकवून बघितलं. खरंच, पाणी खिडकीच्या जरा खालीच राहत होतं. तिनं वरच्या खिशातला खडू काढला आणि चौकटीखाली एक आडवी रेघ मारली.

"एवढी?"

"आणखी जरा."

तिनं ती पुसून खाली दुसरी मारली. "घरी गेल्यावर पहिलं काम हेच," ती म्हणाली. "दोन संध्याकाळी लागतील."

"लागू दे," माई म्हणाल्या. "आता मला उठवून पाण्याशी सोड. फळीवरून मी जाईन, चिखलात तुम्ही ढकला."